मेलबॉक्सचा खांब रोवण्याआधी : रस्त्याकडेची पट्टी, जमिनीखालच्या लाइनी आणि ८११ याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नवीन घर घेतलेली आपली मंडळी पहिल्याच उन्हाळ्यात हमखास दोन कामं काढतात. रस्त्याकडेचा कललेला मेलबॉक्स सरळ करायचा आणि अंगणात काहीतरी लावायचं. दोन्हीला खड्डा लागतो, आणि खड्ड्याआधी ८११, म्हणजे जमिनीखालच्या लाइनींवर खुणा करून घेण्यासाठीचा फोन क्रमांक. मी उत्तर व्हर्जिनियात राहतो. ओळखीतून, ओळखीच्यांच्या ओळखीतून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. टपालाचे नियम देशभर एकच आहेत. खणण्याचा कायदा मात्र राज्यागणिक बदलतो. इथले दिवस आणि अंतरं व्हर्जिनियाची आहेत, दुसऱ्या राज्याबद्दल असेल तिथे तसं म्हटलं आहे.

मेलबॉक्स माझ्या पैशाचा, जागा माझ्या घरासमोरची. मग नियम कोणाचे आणि कशासाठी?

पेटी आणि खांब तुमच्या खर्चाचे, त्यांची देखभालही तुमचीच. पण पेटी टपाल खात्याच्या कामासाठी उभी असते, म्हणून ती कशी आणि कुठे असावी हे यूएसपीएस, म्हणजे अमेरिकेचं टपाल खातं ठरवतं.

जागेचं म्हणाल तर इथेच बहुतेकांची गफलत होते. गवत आपण कापतो, पाणी आपण घालतो, म्हणून रस्त्यापर्यंतची सगळी जमीन आपली असं वाटत राहतं. प्रत्यक्षात रस्त्याच्या कडेची काही फुटांची पट्टी ‘राइट ऑफ वे’, म्हणजे रस्त्याच्या हक्कातली असते. तिच्या अलीकडे घराच्या बाजूला, खुद्द तुमच्या मालकीच्या जमिनीतही, युटिलिटी कंपन्यांना लाइन टाकण्याचा आणि दुरुस्तीसाठी खणण्याचा हक्क दिलेला असतो. त्याला ‘ईझमेंट’ म्हणतात. घर घेताना मिळालेल्या कागदांत ‘प्लॅट’ नावाचा नकाशा असतो, तो एकदा काढून बघा. तुटक रेघांनी दाखवलेला भाग म्हणजे तीच पट्टी. पाणी, गॅस, वीज, इंटरनेट, सांडपाणी, सगळ्यांच्या वाटा तिथूनच जातात आणि मेलबॉक्सही नेमका तिथेच लागतो. पुढचे सगळे प्रश्न या एका गोष्टीतून निघतात.

उंची आणि अंतर नेमकं किती?

रस्त्याच्या पृष्ठभागापासून पेटीच्या तळापर्यंत ४१ ते ४५ इंच. साडेतीन फूट म्हणजे ४२ इंच, तेवढं धरलं की चुकत नाही. कर्बच्या (रस्त्याकडेच्या उंच काठाच्या) पुढच्या कडेपासून, कर्ब नसेल तर रस्त्याच्या कडेपासून, पेटीच्या दारापर्यंत ६ ते ८ इंच. वीतभर समजा. हे अंतर दारापर्यंत मोजायचं. खांबापर्यंत मोजलं की पेटी रस्त्यावर डोकावते, ही नेहमीची चूक.

इतकं नेमकं का, ते एकदा टपालाची गाडी थांबते तेव्हा बघा. तिचं स्टिअरिंग उजवीकडे असतं, आपल्या भारतातल्या गाडीसारखं. कॅरियर, म्हणजे पोस्टमन, बसल्या जागेवरून खिडकीतून हात काढतो, दार उघडतो, टपाल ठेवतो आणि पुढे जातो. पेटी चार इंच खाली असली की त्याला वाकावं लागतं, फूटभर मागे असली की गाडीतून उतरावं लागतं. दिवसाला शेकडो पेट्या गुणिले तेवढं वाकणं. म्हणूनच पेटी गाडीच्या जाण्याच्या दिशेने उजव्या हाताला लागते. काही रस्त्यांवर दोन्ही बाजूंच्या घरांच्या पेट्या एकाच बाजूला ओळीने दिसतात, त्याचंही कारण कॅरियरचा फेरा हेच.

घर क्रमांकाचे आकडे निदान १ इंच उंचीचे, कॅरियर येतो त्या बाजूने दिसतील असे लावा. पेटी घराच्या रस्त्यावर नसून दुसऱ्याच रस्त्यावर असेल, तर त्या घराचा पूर्ण पत्ता लिहायचा.

जुनी पेटी आहे त्याच जागी बदलत असाल तर फारसं विचारावं लागत नाही. जागा हलवायची असेल तर खड्डा खणण्याआधी तुमच्या पोस्ट ऑफिसात विचारा.

पेटी कोणतीही चालते का? आणि खांब?

दुकानातून घेताना आत किंवा खोक्यावर ‘पोस्टमास्टर जनरल’च्या मान्यतेचा शिक्का आहे का बघा. स्वतः बनवायची असेल तर आराखडा स्थानिक पोस्टमास्टरला दाखवून मान्य करून घ्यावा लागतो. कुलूपवाली पेटीही चालते, फक्त टपाल टाकायची फट निदान पावणेदोन इंच उंच आणि १० इंच रुंद हवी. कुलूप उघडून देणं कॅरियरचं काम नाही, त्याच्याकडे किल्ली नसते.

वरून गोल, बोगद्यासारखी ती ओळखीची पत्र्याची पेटी १९१५ साली टपाल खात्यातल्याच एका अभियंत्याने, रॉय जोरोलमन यांनी आखली. त्याआधी खेड्यातले लोक जे हाताला लागेल ते खांबावर लटकवत. गावोगावी घरपोच मोफत टपाल द्यायची सुरुवात १ ऑक्टोबर १८९६ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स टाउनच्या आसपास झाली. आमच्या इकडून ते गाव तासाभराच्या आत येतं.

खांबाचं मात्र गांभीर्याने घ्या. लाकडी असेल तर ४ बाय ४ इंचाचा, धातूचा पाइप असेल तर २ इंच व्यासाचा, आणि जमिनीत २४ इंचांपेक्षा खोल नको. हेतू असा की गाडी घसरून आदळली तर खांब मोडावा किंवा वाकावा, गाडीतला माणूस वाचावा. जाड लोखंडी पाइप, काँक्रीटचे खांब, काँक्रीट भरलेले दुधाचे कॅन यांना यूएसपीएसचा नकार आहे तो याचसाठी.

आजूबाजूला विटांचे सुंदर मेलबॉक्स आहेत. मीही बांधू का?

माझं मत स्पष्ट आहे : नको. दिसतो छान, पण रस्त्याला चिकटून उभी केलेली ती भिंत आहे. व्हर्जिनियात राज्याच्या हद्दीतल्या रस्त्याकडेला परवान्याशिवाय मेलबॉक्स लावता येतो तो मोडता येणाऱ्या खांबावर, म्हणजे ४ इंची लाकडी किंवा २ इंची पाइपवर. अवजड बांधकामाला ती मोकळीक नाही. शेजाऱ्याने बांधलाय म्हणून तो नियमात बसतो असंही नाही. कुणी अजून हटकलं नसेल, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय विटांच्या बांधकामाला पाया लागतो, पायाला मोठा खड्डा लागतो, आणि तो त्याच पट्टीत, लाइनींच्या माथ्यावर.

माझ्या घरासमोरचा रस्ता कोणाचा, हे कसं कळणार?

उत्तर व्हर्जिनियात हा प्रश्न थोडा वेगळाच आहे. इतर अनेक राज्यांत वस्तीतले रस्ते काउंटी किंवा शहराकडे असतात. इथे १९३२ च्या कायद्याने काउंट्यांचे रस्ते राज्याकडे गेले, आर्लिंग्टन आणि हेन्रायको या दोन काउंट्या सोडून. म्हणून ॲशबर्नमधल्या बंगल्यासमोरचा लहानसा रस्ताही बहुधा राज्याच्या वाहतूक खात्याचा, म्हणजे व्हीडॉटचा असतो. ॲलेक्झांड्रियासारखी स्वतंत्र शहरं आणि लीसबर्गसारखी मोठी टाउनं आपले रस्ते स्वतः बघतात. टाउनहाउसच्या गल्ल्या पुष्कळदा एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या, खासगी मालकीच्या असतात. काउंटीच्या संकेतस्थळावरच्या नकाशात पत्ता टाकला की बहुतेक वेळा उलगडा होतो.

दोन फुटांचा एक खड्डा. एवढ्यासाठी ८११ ला फोन?

होय, एवढ्यासाठीच. मला कुणी एकच प्रश्न विचारणार असेल तर तो हा विचारावा.

आमच्या मेलबॉक्सचा खांब बुडाशी कुजला होता. एका एप्रिलमध्ये शनिवारी सकाळी मी दोन दांड्यांचा तो खड्डे करायचा चिमटा घेऊन रस्त्याशी गेलो. जुना खांब उपटला आणि कर्बपासून अंतर नीट यावं म्हणून वीतभर बाजूला नवा खड्डा सुरू करणार, तेवढ्यात समोरचे निवृत्त आजोबा कॉफीचा कप हातात घेऊन रस्ता ओलांडून आले. त्यांनी एवढंच विचारलं, “फोन केलास का?” मी केला नव्हता. त्यांनी कप कर्बवर ठेवला आणि मी चिमटा गॅरेजमध्ये नेऊन ठेवेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

त्या आठवड्यात गवतावर रंग उमटले. केशरी रेघ मी खणणार होतो त्या जागेच्या जवळजवळ मधूनच जात होती, पिवळी पलीकडे हातभर अंतरावर. नवी जागा दुसऱ्या बाजूला सरकवली आणि खुरप्याने माती खरवडत गेलो. वीतभर खालीच, पहिल्या मुळांच्या जाळीखाली, अंगठ्याएवढी जाड केशरी नळी दिसली. पाऊस पडून गेला होता, तिच्यावरची माती बोटाने निघत होती. आमच्या रांगेतल्या घरांचं इंटरनेट त्यातून जात होतं. माझ्या हातातल्या त्या चिमट्याने ती पहिल्या घावात तुटली असती.

केबल तुटली तर इंटरनेट जातं आणि दुरुस्तीचं बिल येतं. तिथे वीज किंवा गॅस असता तर काय, हा विचार त्या दिवशी जेवतानाही डोक्यातून गेला नाही. गॅसची घरगुती जोडणी खासगी जागेत फक्त १२ इंचांवर असू शकते. थेट पुरलेली विजेची तार साधारण २४ इंचांवर. मेलबॉक्सच्या खड्ड्याची खोली नेमकी त्यांच्याएवढीच आहे.

झाड असो, कुंपण असो, डेक असो की हा खांब, आधी फोन. व्हर्जिनिया ८११ हेच सांगतं.

फोन केल्यावर काय होतं? खर्च किती? शनिवारी खणायचं असेल तर कधी करू?

खर्च शून्य. यंत्रणा युटिलिटी कंपन्यांच्या पैशावर चालते. देशात कुठूनही ८११ फिरवलं की आपापल्या राज्याच्या केंद्राला लागतं. संकेतस्थळावरूनही विनंती नोंदवता येते. पत्ता, जवळचा चौक, प्लॉटवर नेमकं कुठे खणणार, कशासाठी आणि किती खोल, एवढं विचारतात. “घरासमोर” असं मोघम सांगू नका. “घराकडे तोंड करून उभं राहिल्यावर ड्राइव्हवेच्या डावीकडे, कर्बपासून आत ५ फूट” असं सांगा. जमिनीवर पांढऱ्या रंगाने किंवा पांढऱ्या झेंड्यांनी जागा दाखवून ठेवली तर उत्तमच. कॅलिफोर्नियात तर ती पांढरी खूण करावीच लागते.

तुम्हाला तिकीट क्रमांक मिळतो. केंद्र ते तिकीट त्या भागातल्या सभासद कंपन्यांना पाठवतं आणि त्यांची माणसं येऊन खुणा करतात. तुम्ही घरी असायची गरज नाही. कुत्रा आत ठेवा आणि मागच्या अंगणाचं फाटक उघडं ठेवा.

व्हर्जिनियात फोन केल्यानंतरच्या तिसऱ्या कामाच्या दिवशी सकाळी ७ पासून खणता येतं. सोमवारी फोन, गुरुवारी सकाळी ७. शनिवारच्या कामासाठी मंगळवारपर्यंत फोन हवा. बुधवारी केलात तर शनिवार-रविवार मोजणीत धरत नाहीत म्हणून थेट पुढचा सोमवार उजाडतो. तिकीट १५ कामाचे दिवस चालतं. काम लांबलं तर मुदत संपण्याआधी नव्याने नोंदवा. न्यू जर्सीत तीन कामाचे दिवस थांबावं लागतं. कॅलिफोर्नियात फोनचा दिवस सोडून दोन, आणि तिकीट २८ दिवसांचं.

दिवस भरले म्हणून लगेच फावडं उचलू नका. तिकीट क्रमांक टाकून प्रत्येक कंपनीने उत्तर दिलंय का ते बघा. ‘खूण केली’ किंवा ‘आमची लाइन नाही’, दोन्हींपैकी काहीतरी एक प्रत्येकीकडून आलेलं असलं पाहिजे. जमिनीवर रंग नाही याचा अर्थ लाइन नाही असा होत नाही. माणूस अजून आलेलाच नसेल.

गवतावरच्या रंगांचा अर्थ काय?

लाल म्हणजे वीज. पिवळा म्हणजे गॅस, तेल, वाफ. केशरी म्हणजे फोन, केबल, इंटरनेट. निळा पिण्याचं पाणी, जांभळा पुनर्वापराचं आणि सिंचनाचं पाणी, हिरवा सांडपाणी व गटार. गुलाबी रंग तात्पुरत्या मोजणीचा, पांढरा तुम्ही खणणार त्या जागेचा. देशभर हेच रंग आहेत.

काम संपेपर्यंत खुणा पुसू नका, झेंडे उपटू नका. मुलांना ते झेंडे फार आवडतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. गवत कापण्याआधी आणि खणण्याआधी फोनवर फोटो काढा. पावसात रंग गेला असेल तर अंदाजाने खणायचं नाही, परत बोलवायचं.

रेघेपासून किती लांब खणलं तर सुरक्षित?

व्हर्जिनियात लाइनीच्या दोन्ही कडांपासून २ फुटांच्या आत यंत्र चालवायचं नाही, हातानेच आणि जपून खणायचं. कॅलिफोर्नियातही २४ इंच. इतर राज्यांत थोडंफार कमी-जास्त. आणि हाताने म्हणजे पहारीने नव्हे. पहार मारली की खाली काय आहे ते लागल्यावरच कळतं. खुरपं किंवा गोल कडेचं फावडं घ्या, तिरकं धरा, थर थर माती काढा. शक्य असेल तर खांबच सरकवा, वादच मिटला.

रेघ खोली सांगत नाही. खूण करणारा माणूस एका यंत्राने लाइनीत संकेत सोडतो आणि हातातल्या दांड्याने तो जमिनीवरून ऐकत चालतो. प्लॅस्टिकच्या गॅस पाइपमधून संकेत जात नाही, म्हणून पाइपसोबत एक तांब्याची तार पुरलेली असते. ती तार कुठे तुटली असेल तर खूण चुकू शकते. शिवाय तीस वर्षांत कुणी माती भरली, कुणी उतार कापला, त्यामुळे टाकताना असलेली खोली आज तीच असेल असं नाही. केबल टीव्हीच्या तारा तर काही ठिकाणी गवताच्या मुळाशीच सापडतात.

८११ ची माणसं सगळ्या लाइनी दाखवतात ना?

नाही. हे फार कमी लोकांना माहीत असतं. कंपन्या आपल्या मालकीच्या लाइनीच दाखवतात, साधारण मीटरपर्यंतच्या. त्यापुढचं बहुधा तुमचं. मागच्या शेडला नेलेली वीज, ग्रिलला नेलेली गॅसची नळी, प्रोपेनच्या टाकीची जोडणी, स्प्रिंकलरचे पाइप, कुत्र्यासाठी पुरलेली अदृश्य कुंपणाची तार. पाण्याच्या मीटरपासून घरापर्यंतचा पाइप आणि घरापासून मुख्य गटारापर्यंतचा नळही अनेक ठिकाणी घरमालकाचाच. आधीच्या मालकाने काय काय पुरून ठेवलंय ते घर घेतानाच विचारून घ्या. मोठं काम असेल तर पैसे देऊन खासगी लोकेटर बोलवा.

कुंपणवाल्याला काम दिलंय. फोन कोणी करायचा?

जो खणणार त्याने, स्वतःच्या नावाने. “तुम्हीच करून टाका, लवकर होईल” असं कंत्राटदार म्हणाला तर मी थांबून विचार करेन. तुमच्या नावाच्या तिकिटावर त्याने खणलं आणि काही तुटलं, तर भांडणात तुम्ही मध्ये येता. तिकीट क्रमांक मागून घ्या आणि कामाच्या सकाळी रंग स्वतः बघा. आमच्या शेजारी एका कुंपणवाल्याने आदल्या महिन्याच्या दुसऱ्याच कामाचे पुसट रंग बघून “झालंय मार्किंग” म्हणत यंत्र लावलं. अर्धी गल्ली दीड दिवस इंटरनेटशिवाय होती, आणि एका घरात त्याच दिवशी नोकरीची मुलाखत होती.

खणताना काही लागलं तर?

गॅसचा वास किंवा फुस्स असा आवाज आला तर हातातलं अवजार आहे तिथे टाका. खणायचं यंत्र चालू असेल तर तसंच सोडून निघा. घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना घेऊन वाऱ्याच्या उलट दिशेने लांब जा आणि तिथून ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करा, मग गॅस कंपनीला. जवळ उभं राहून फोन लावायचा नाही, दिवे चालू-बंद करायचे नाहीत, गाडी सुरू करायची नाही, पाइपची टोकं दाबायची नाहीत, झडप फिरवायची नाही, खड्डा बुजवायचा नाही.

विजेची तार असेल तर दूर व्हा आणि कुणाला जवळ येऊ देऊ नका.

नुसता ओरखडा उठला असेल तरी कळवायचं. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये १० जून १९९९ ला पेट्रोलची पाइपलाइन फुटली, पेट्रोल ओढ्यात उतरलं आणि पेटलं. दहा वर्षांची दोन मुलं आणि अठरा वर्षांचा एक मुलगा गेला. तपासात निघालं की काही वर्षांपूर्वी जवळच्या खोदकामात पाइपला इजा झाली होती. त्यानंतर पाइपलाइन सुरक्षेचा कायदा २००२ मध्ये कडक झाला, त्याच कायद्याने देशभरासाठी एकच तीन आकडी क्रमांक मागितला आणि मे २००७ पासून ८११ सुरू झाला. ओरखडा मातीखाली झाकून टाकावासा वाटेल, बिलाची भीती वाटेल, तेव्हा ही मुलं आठवा.

तुळस, कढीपत्ता, आंगणात एखादं फळझाड?

तुळस आणि कढीपत्ता कुंडीतच बऱ्या, आमच्याकडची थंडी त्या सोसत नाहीत. थंडीत आत घेता येतात. फळझाडासाठी ८११ ला फोन कराच आणि ईझमेंट सोडून लावा. लाइनीवर लावलेलं झाड दहा वर्षांनी दुरुस्तीच्या वेळी कंपनी कापू शकते आणि तेव्हा भरपाई मिळेलच असं नाही. मेलबॉक्सभोवती फुलं लावायची हौस असेल तर बुटकी लावा. गुलाबाचे काटे कॅरियरच्या हाताला लागतात.

एचओए एक सांगते, पोस्ट दुसरंच. ऐकायचं कोणाचं?

दोघांचं. रंग, नमुना, खांबाची शोभा एचओए ठरवू शकते आणि त्यासाठी लेखी मंजुरी लागते. उंची आणि अंतर टपाल खात्याचं. एचओएची मंजुरी मिळाली म्हणजे ८११ झालं असं मात्र कुणी समजू नये. तीन वेगळी दारं आहेत, तिन्ही ठोठवायची.

गणेशोत्सवाची पत्रकं घरोघरी मेलबॉक्समध्ये टाकली तर चालतील?

नाही. मंडळाच्या उत्साही कार्यकर्त्यांना हे दरवर्षी सांगावं लागतं. ज्याच्यावर टपालखर्च भरलेला नाही ते मेलबॉक्समध्ये ठेवायला मनाई आहे आणि त्याला दंड होऊ शकतो. एका नागरी संघटनेने हा नियम भाषणस्वातंत्र्याच्या विरोधात आहे म्हणून आव्हान दिलं होतं. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टपाल खात्याच्या बाजूने निकाल दिला. पत्रकं दाराला अडकवा किंवा, त्याहून चांगलं, बेल वाजवून हातात द्या. बेल वाजवली की ओळख होते. दिवाळीच्या फराळाचा डबाही त्याच नियमात येतो. चकल्या दारातच द्या.

वर्तमानपत्राची नळी मेलबॉक्सच्याच खांबावर लावता येते, फक्त ती पेटीला टेकता कामा नये.

भारतात दीड महिना जातोय. टपालाचं काय?

यूएसपीएस टपाल ३ ते ३० दिवस राखून ठेवतं, त्यासाठी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. दीड महिन्याला ते पुरत नाही. तेव्हा तात्पुरता पत्ताबदल भरून टपाल अमेरिकेतल्या एखाद्या विश्वासू मित्राकडे वळवा; त्याला किमान १५ दिवसांची मुदत असते. ‘इन्फॉर्म्ड डिलिव्हरी’ नावाची मोफत सोय घेतली की आलेल्या पाकिटांचे फोटो पुण्यात बसून ईमेलवर दिसतात. तुंबलेली पेटी म्हणजे घर रिकामं असल्याची पाटीच. आणि चेक असलेलं पाकीट पेटीत ठेवून पेटीचा झेंडा (न्यायचं टपाल आहे ही कॅरियरला खूण) रात्रभर वर करून ठेवू नका. पोस्टात नेऊन टाका.

बर्फ काढणाऱ्या गाडीने खांब पाडला. भरपाई मिळते?

रस्ता ज्यांचा, त्यांना विचारा. गाडीचं पातं प्रत्यक्ष लागलं असेल तर अनेक ठिकाणी दुरुस्ती करून देतात. नुसत्या फेकलेल्या बर्फाच्या वजनाने पडला तर बहुधा नाही. पेटीपुढचा बर्फ काढून वाट मोकळी ठेवणं आपलं काम आहे. कुणी मुद्दाम पेटी फोडली तर मात्र तो केंद्रीय गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार पोलिसांकडे आणि टपाल निरीक्षकांकडे करा.

नव्या खांबासाठी जमीन गोठलेली असताना घाई करू नका. पेटी तात्पुरती कशी ठेवावी ते पोस्टात विचारा आणि जमीन मोकळी झाली की खणा. त्याच जागी परत खांब रोवायचा असला तरी ८११ पुन्हा. मधल्या काळात कुणीतरी तिथून नवी केबल नेलेली असू शकते.

आमच्या वस्तीत पेट्यांचं एकत्र कपाट आहे. स्वतंत्र मेलबॉक्स मागू शकतो का?

मागता येतो, मिळणं अवघड. नव्या वसाहतींत टपाल कसं पोचवायचं हे टपाल खातं ठरवतं आणि हल्ली त्यांचा कल एकत्र पेट्यांकडे आहे. चालणं कठीण असलेले आई-वडील घरात असतील तर डॉक्टरांच्या पत्रासह अर्ज करून बघा.

कंपनीने न विचारता माझं लॉन खणलं!

ईझमेंटमध्ये खणण्याचा हक्क त्यांना आहे, पण जागा पूर्ववत करून देणं अपेक्षित असतं. खणण्याआधीचे फोटो असतील तर बोलणं सोपं जातं. कधी कधी नवी केबल पुरायला वेळ लागतो आणि ती काही दिवस गवतावरच पडून असते. तिच्यावरून मशीन घालू नका. ती कुठून जाते ते बघून ठेवा आणि गवत कापायला येणाऱ्यालाही दाखवा.

भारतात असं काही आहे का? आईबाबांच्या सोसायटीसमोर दर महिन्याला खणतात.

आहे. ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं सरकारी ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू झालं. खणणाऱ्याने आधी नोंद करायची आणि ज्यांच्या लाइनी खाली आहेत त्यांना सूचना जायची, अशी त्याची रचना आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून ठेवा. ड्रेनेजसाठी किंवा कुंपणासाठी माणसं लावतील, तेव्हा कंत्राटदाराकडे त्या नोंदीची मागणी करता येईल, आणि इमारतीत पाइपचा गॅस आला असेल तर तो गेटमधून कुठल्या बाजूने आत आलाय हे वॉचमनला दाखवून ठेवता येईल.